नवा प्रोसेसर, जुना पंखा

प्रोसेसर कोणत्या लॅपटॉपचा बदलता येतो, हे आधी सांगून टाकतो. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे साधारण २०१३-१४ पर्यंत, बऱ्याच लॅपटॉपांत प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला असे. एक स्क्रू अर्धा फिरवला की तो हातात येतो. पाचव्या पिढीपासून लॅपटॉपचे प्रोसेसर बोर्डावर सोल्डर करूनच येऊ लागले आणि हा खेळ जवळपास संपला. त्यामुळे हा लेख थिंकपॅड टी४२०, टी४३०, डेल लॅटिट्यूड ई६४२०, ई६४३०, एचपी एलिटबुक ८४६०पी, ८४७०पी अशा दणकट, ऑफिसातून निवृत्त झालेल्या यंत्रांसाठी आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एस. पी. रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस इथे अशी यंत्रं आजही हातोहात मिळतात, आणि सुटे प्रोसेसरही मिळतात. विंडोज ११ ही यंत्रं अधिकृतपणे स्वीकारत नाही आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तेव्हा त्यांच्यावर लिनक्स टाकून ती अभ्यासाला, प्रोग्रॅमिंगला किंवा व्हिडिओच्या किरकोळ कामाला वापरणारे वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. इन्फोसिसच्या म्हैसूरच्या संकुलात प्रशिक्षणाला जाणाऱ्या मराठी मुलामुलींच्या सामानातही असं एखादं घरचं जुनं यंत्र असू शकतं. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपला मात्र स्क्रू-ड्रायव्हर लावायचा नाही.

यंत्रात अजून ४ जीबी रॅम आणि फिरती हार्डडिस्क असेल, तर आधी एसएसडी आणि रॅम घ्या. प्रोसेसरचा नंबर त्यानंतरचा. ते झालं असेल तर पुढे वाचा.

दोन कोअरचा प्रोसेसर काढून चार कोअरचा बसवला, लॅपटॉप सुरू झाला, स्क्रीनवर आय७ हे नाव दिसलं, की काम झालं असं बहुतेकांना वाटतं. दुकानदारही तेवढंच दाखवून पैसे घेतो. पण पंखा आणि हीटसिंक, म्हणजे तांब्याची पट्टी, उष्णता वाहून नेणारी नळी आणि जाळी, हे सगळं जुनंच असतं. ते जुन्या प्रोसेसरच्या उष्णतेच्या हिशेबाने बनवलेलं. नव्याची उष्णता त्यांना झेपते का, हे पाहण्यासाठी बहुतेक जण एकच आकडा बघतात: तापमान. ‘माझा ८८ जातो, चालेल का?’ या प्रश्नाला खरं तर उत्तरच नाही. खोली किती गरम होती आणि प्रोसेसर त्या क्षणी किती वॅट खात होता, हे कळल्याशिवाय ८८ या आकड्याला अर्थ येत नाही.

म्हणून आकडा काढायचा तो असा. प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा आणि आलेल्या वाढीला वॅटने भागा. एका वॅटमागे किती अंश चढतात ते निघेल. समजा खोली २५ अंश आहे, पूर्ण भार दिल्यावर प्रोसेसर ८४ अंशांवर स्थिरावला आणि तेव्हा तो ३५ वॅट घेत होता. वाढ ५९ अंशांची, म्हणजे वॅटमागे साधारण १.७. हाच आकडा कूलिंगची खरी ताकद सांगतो. जितका कमी तितका बरा. मुख्य म्हणजे प्रोसेसर बदलला तरी तो फारसा बदलू नये, कारण पंखा आणि तांबं तेच आहे.

यातून एक शिस्त निघते आणि तीच लोक टाळतात. जुना प्रोसेसर काढण्याआधी मोजमाप घ्यायचं. जुन्यावर १.७ येत होते आणि नव्यावरही १.७च्या आसपास येत असतील, तर काम नीट झालंय. तापमान वाढलं असेल तर ते केवळ वॅट वाढल्यामुळे. पण जुन्यावर १.७ आणि नव्यावर २.३ आले, तर प्रोसेसर आणि पट्टी यांमधली पेस्ट, स्क्रू किंवा पॅड यांपैकी काहीतरी चुकलंय आणि यंत्र पुन्हा उघडायला हवं. जुन्याचं मोजमापच नसेल, तर दोष नव्या प्रोसेसरचा की बसवणाऱ्याचा, हे कधीच कळत नाही. दोन्ही वेळा पंखा पूर्ण वेगाने फिरत असला पाहिजे, एवढी अट पाळा. पंखा निम्म्या वेगाने चालू असताना घेतलेलं माप तुलनेला निरुपयोगी.

खोलीचं तापमान साध्या थर्मामीटरने, लॅपटॉपची हवा आत ओढणाऱ्या बाजूला ठेवून मोजा. मोबाइलवरच्या हवामानाच्या आकड्याचा इथे काही उपयोग नाही. तो तुमच्या टेबलाचा नसतो. वॅट आणि अंश विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर दाखवतं, सीपीयू पॅकेज आणि सीपीयू पॅकेज पॉवर या दोन ओळींत. लिनक्सवर एस-टीयूआय किंवा टर्बोस्टॅट वापरा. दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे २०११च्या सँडी ब्रिजपासून पुढचे प्रोसेसर आपले वॅट स्वतः सांगतात. त्याआधीच्या कोअर २ ड्युओत ही सोय नाही, तिथे फक्त खोलीपेक्षा किती अंश वर, एवढंच पाहता येतं.

हे सगळं का करायचं, ते गावांच्या फरकावरून नीट कळेल. म्हैसूरहून टी. नरसीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तळ्याकाठी वरुणा हे गाव आहे. हिवाळ्यात सकाळी तिथल्या घरात २० अंश असू शकतात. उन्हाळ्यातही म्हैसूरचा पारा सहसा ३५-३६च्या फार पुढे जात नाही. तेव्हा डिसेंबरात वरुण्याला बसून चाचणी घेतली, तर वरच्या उदाहरणातला लॅपटॉप ७९ अंशांवर थांबेल आणि मालक खूश होईल. तोच लॅपटॉप मे महिन्यात चंद्रपूरला नेला, जिथे बाहेर ४५ आणि घरात कूलर बंद असताना ४० सहज असतात, तर तो ९९वर जाईल. यंत्र बिघडलेलं नाही, पेस्ट सुकलेली नाही; खोली २० अंशांनी तापली, प्रोसेसरही तेवढाच तापला. ४५ वॅटचा प्रोसेसर बसवला असता तर याच कूलिंगवर वाढ ७६ अंशांची झाली असती. वरुण्यात ९६, चंद्रपुरात ११६. तिसऱ्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०५ अंश आहे, तेव्हा ११६ कधी दिसणारच नाही. १०५ला प्रोसेसर स्वतःचा वेग कापायला लागेल आणि तुम्ही पैसे मोजून घेतलेला आय७ भर दुपारी पूर्ण वेगाने चालणारच नाही.

उंचीचाही थोडा वाटा असतो. म्हैसूरचा परिसर समुद्रसपाटीपासून सातशे-साडेसातशे मीटर उंच आहे, तिथली हवा मुंबईपेक्षा सुमारे आठ-नऊ टक्के विरळ. पंखा तेवढेच फेरे मारतो, पण वजनाने कमी हवा ढकलतो. फरक दोन-चार अंशांचाच पडतो आणि थंड हवेने तो भरून निघतो. मुंबई-कोकणातल्या दमटपणाची मात्र उगाच धास्ती नको. घामाने चिंब होतो तो माणूस. प्रोसेसरला कोरडे ३२ आणि दमट ३२ जवळपास सारखेच. विदर्भात वाळ्याचा कूलर लावून काम करत असाल, तर खोली थंड होण्याचा पूर्ण फायदा लॅपटॉपला मिळतो. फक्त तुषार येणाऱ्या झोतात यंत्र ठेवू नका.

आता प्रोसेसरच्या निवडीबद्दल. आय५-३२१०एम आणि आय७-३६३२क्यूएम या दोघांवरही ३५ वॅट असंच लिहिलेलं आहे. ‘वॅट तेच, मग काय फरक?’ असं विकणारा सांगेल. फरक असा, की दोन कोअरचा आय५ रोजच्या कामात ३५पर्यंत सहसा पोचतच नाही, आणि चार कोअरचा आय७ पूर्ण भारावर ३५ला जाऊन तिथेच मुक्काम करतो. म्हणजे कागदावर जुळलं तरी पंख्याला जास्त राबावं लागणार. तरीही पातळ, एकाच नळीच्या कूलिंगसाठी ३५ वॅटचे ३६१२क्यूएम आणि ३६३२क्यूएम हेच शहाणपणाचे. ३६१०क्यूएम, ३६३०क्यूएम आणि त्यावरचे ४५ वॅटचे प्रोसेसर घ्यायचे, तर आधी कूलिंग वाढवा. टी४३०मध्ये वेगळी ग्राफिक्स चिप असलेल्या मॉडेलचा पंखा-हीटसिंकचा संच जास्त तांब्याचा असतो, आणि तशी चिप नसलेल्या बोर्डावरही लोक तो बसवतात. जुन्या बाजारात हा संच वेगळा मिळतो. पैसे देण्याआधी स्क्रूची भोकं जुळवून बघा.

बसवतानाच्या मोजक्याच गोष्टी सांगतो, ज्यांचा कूलिंगशी थेट संबंध आहे. बायोस आधीच अद्ययावत करा, कारण पंखा कधी किती फिरायचा हे तिथूनही ठरतं. बॅटरी काढा. हीटसिंकवर स्क्रूंपाशी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. आवळताना त्याच क्रमाने, सोडताना उलट क्रमाने, आणि एकेक स्क्रू एका दमात नव्हे तर थोडा-थोडा. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, चकचकीत सिलिकॉनचा तुकडा उघडाच असतो. पट्टी तिरकी बसली तर त्याचा कोपरा तुटू शकतो. चार कोअरचा तुकडा दोन कोअरवाल्यापेक्षा मोठा असतो, म्हणून ‘आधी होती तेवढीच पेस्ट’ हा अंदाज फसतो. तुकडा काठोकाठ, पातळ झाकला गेला पाहिजे. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. करोनाच्या काळातला सॅनिटायझर उरला असेल तर तो हातालाच लावा. त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर मागे राहतो.

पेस्ट कोणती, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझं मत सांगतो: एमएक्स-४ किंवा एनटी-एच१सारखी कोणतीही नावाजलेली, पण अस्सल पेस्ट पुरते. दुकानात डब्यातून काडीने लावतात ती पांढरी पेस्ट नको. पेस्टची नळी स्वतः विकत घ्या आणि मेकॅनिकच्या हातात द्या, त्याला राग येत नाही. लिक्विड मेटलच्या नादी लागू नका. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि ते वीजवाहक असल्याने एक थेंब घरंगळला तर बोर्ड गेला. हीटसिंकखाली मऊ रबरी पॅड असतील तर ते जपून काढा आणि त्याच जाडीचे परत लावा. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचा पॅड लावला, की तो पट्टीला वर उचलतो आणि प्रोसेसरवर तिचा दाब पडतच नाही.

पंखा हीटसिंकपासून सुटा करून आतली जाळी जरूर पाहा. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या यंत्रातही पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धूळ आणि लिंटचा नमद्यासारखा थर बसलेला असतो. बाहेरून ब्लोअर मारला की तो थर आत उडतो आणि चार दिवसांत परत जागेवर येतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो अतिवेगाने फिरून त्याचे बेअरिंग जातात.

यंत्राचं झाकण परत बसवलं, आता चाचणी. लॅपटॉप टेबलावर ठेवा, चार्जर लावा, पॉवर सेटिंग पूर्ण क्षमतेवर. दहा मिनिटं काही न करता राहू द्या आणि ते तापमान लिहा, पण त्यावरून निष्कर्ष काढू नका. रिकामं असताना कुठलाही प्रोसेसर गरीब दिसतो. मग भार द्या. प्राइम९५ हे मुळात मोठमोठ्या मूळ संख्या शोधायचं सॉफ्टवेअर आहे, पण त्याची स्मॉल एफएफटी ही चाचणी प्रोसेसरला जितकी तापवते, तितकं रोजचं काम क्वचितच तापवतं. लिनक्सवर स्ट्रेस-एनजी आहे. किमान २० मिनिटं चालवा. पहिल्या अर्ध्या मिनिटावर विश्वास ठेवू नका. टर्बोमुळे, म्हणजे मूळ वेगाच्या वर जाण्याच्या सोयीमुळे, प्रोसेसर सुरुवातीला ठरल्यापेक्षा जास्त वॅट घेतो आणि मग खाली येतो. तांबं तापून, जाळी तापून, सगळं एका जागी थांबायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. शेवटची पाच मिनिटं आकडा हलला नाही, तो तुमचा आकडा.

त्या वेळी तीन गोष्टी एकदम बघायच्या: अंश, वॅट आणि वेग. ३६३२क्यूएमचा मूळ वेग २.२ गिगाहर्ट्झ आहे. भरल्या भारावर तो त्याच्या खाली घसरत असेल आणि एचडब्ल्यूइन्फोच्या थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळीत ‘येस’ दिसत असेल, तर कूलिंग अपुरं आहे. वेग २.२च्या वर टिकून आहे आणि पॉवर लिमिटच्या ओळीत ‘येस’ आहे, तर काळजीचं कारण नाही. तो वॅटची ठरलेली मर्यादा पाळतोय, एवढंच.

तापमान चढतं कसं, यातही पुष्कळ काही कळतं. भार दिल्याबरोबर दोन-तीन सेकंदांत ५०वरून ९५ आणि भार काढताच तितक्याच वेगाने खाली, असं होत असेल तर दोष पेस्टचा किंवा दाबाचा. उष्णता तांब्यापर्यंत पोचतच नाहीये. तापमान पंधरा मिनिटांनंतरही सावकाश, न थांबता चढत राहिलं तर पेस्ट ठीक आहे, हवा अडली आहे. एकच कोअर बाकीच्यांपेक्षा १२-१५ अंश गरम असेल, तर पट्टी बहुधा तिरकी बसली आहे. पाच-सात अंशांचा फरक चालतो. आणि सगळ्यांत स्वस्त उपकरण म्हणजे हात. बाहेर येणाऱ्या हवेपुढे तो धरा. प्रोसेसर ९८वर आणि हवा चटका देणारी, तर कूलिंग आपलं काम इमानदारीने करतंय, त्याची ताकदच तेवढी आहे. प्रोसेसर ९८वर आणि हवा कोमट, तर उष्णता वाटेत अडकली आहे, पेस्टमध्ये किंवा मेलेल्या नळीत. त्या नळीत थोडंसं द्रव आणि जवळपास निर्वात पोकळी असते. द्रव एका टोकाला उकळतं, त्याची वाफ दुसऱ्या टोकाला पुन्हा द्रव होते आणि उष्णता नेते. नळी चेपली किंवा तिला सूक्ष्म चीर गेली की ती नुसती तांब्याची काडी उरते. सुटा हीटसिंक हातात असेल तर त्याचं पट्टीकडचं टोक गरम पाण्यात धरा, जाळीकडचं टोक काही सेकंदांत गरम झालं पाहिजे. झालं नाही तर नवा हीटसिंक घ्या, पेस्ट बदलत बसू नका.

एक फसवं लक्षण वेगळं सांगायला हवं. तापमान ५५, पंखा शांत, आणि वेग मात्र ८०० किंवा १२०० मेगाहर्ट्झवर अडकलेला. लोक अशा वेळी हीटसिंक पुन्हा उघडतात. तो दोष कूलिंगचा नसून बहुतेकदा चार्जरचा असतो. डेलची यंत्रं ओळखीचा अडॅप्टर सापडला नाही तर प्रोसेसरला मुद्दाम हळू चालवतात, आणि अडॅप्टरच्या पिनमधली बारीक तार तुटली तरी तो ‘अनोळखी’ ठरतो. चार कोअरच्या प्रोसेसरला ६५ वॅटऐवजी ९० वॅटचा अस्सल अडॅप्टर द्या.

समजा सगळं नीट बसलंय, वॅटमागे अंशही जुन्याइतकेच आहेत, तरी उन्हाळ्यात १०५ गाठतोय. मग तुमच्या गावाच्या मानाने तो प्रोसेसर जड आहे, एवढंच. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १००ऐवजी ९९ टक्के करा. त्याने टर्बो बंद होतो, वॅट उतरतात आणि चार कोअर मूळ वेगाने शांतपणे काम करतात. एप्रिल-मे ही सोय वापरावी आणि मृगाचा पाऊस पडला की काढून टाकावी. लॅपटॉपची मागची बाजू इंचभर उचलली तरी हवा ओढायला जागा मिळते. गादीवर ठेवून काम करणाऱ्याला मात्र कोणताही हीटसिंक वाचवू शकत नाही.

महिन्याभराने तीच चाचणी पुन्हा करा, तितकाच वेळ आणि तेच सॉफ्टवेअर. उघड्या सिलिकॉनवर पेस्ट तापून-निवून हळूहळू कडेला सरकते. पहिल्या आठवड्यातला १.७चा आकडा तीन महिन्यांनी २.१ झाला, तर हेच कारण. दाट पेस्ट किंवा पीटीएम७९५०सारखा गरम झाल्यावर मऊ होणारा पातळ पॅड अशा सिलिकॉनवर जास्त टिकतो. आकडे मोबाइलमध्ये नकोत, हीटसिंकजवळच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवून तारीख, खोली, वॅट आणि अंश लिहून ठेवा. यंत्र विकाल तेव्हा घेणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. आणि यंत्र दुरुस्तीला दिलंत, तर परत घेताना २० मिनिटं दुकानातच पूर्ण भारावर चालवून घ्या. एसीत बसून, स्टार्ट मेनू उघडून दाखवणं ही चाचणी नव्हे.